सरासरी दाखवता, मग पसारा का लपवता?

एका बसमार्गावर प्रवासाला सरासरी ४० मिनिटं लागतात. दुसऱ्या मार्गावरही सरासरी ४० मिनिटंच. वाहतूक विभागाच्या अहवालात हे दोन मार्ग एकाखाली एक, सारख्याच आकड्यानिशी छापले जातील आणि त्यात एक अक्षरही खोटं नसेल. आता आत डोकावू. पहिल्या मार्गावरच्या पाच फेऱ्यांना लागलेली मिनिटं: ३८, ३९, ४०, ४१, ४२. दुसऱ्यावरच्या पाच फेऱ्यांना: २५, ३०, ३५, ४५, ६५. पहिल्या मार्गाने जाणारा माणूस घड्याळाच्या भरवशावर घरातून निघू शकतो. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याला वेळेत पोचायचं तर रोज तासाभराहून जास्त वेळ हाताशी ठेवावा लागतो, म्हणजे बहुतेक दिवशी अर्धा तास आधी पोचून ताटकळावं लागतं. दोघांच्या दिनक्रमात एवढा फरक, आणि अहवालात त्याचा मागमूस नाही.

हा फरक एका आकड्यात मांडता येतो. त्याचं नाव प्रमाण विचलन. बहुतेकांची त्याच्याशी गाठ अभ्यासक्रमात पडते आणि परीक्षा झाली की सुटते. कृती अवघड नाही. प्रत्येक फेरी सरासरीपासून किती दूर पडली ते अंतर काढायचं. दुसऱ्या मार्गाची अंतरं आहेत उणे १५, उणे १०, उणे ५, अधिक ५ आणि अधिक २५. यांची सरळ बेरीज करून काही हाती लागत नाही. ती नेहमी शून्यच येते, कारण दोन्ही बाजूंची अंतरं जिथे एकमेकांना फेडतात त्याच बिंदूला आपण सरासरी म्हणतो. म्हणून आधी वर्ग करायचे: २२५, १००, २५, २५, ६२५. बेरीज १०००. पाचाने भागलं की २००, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे १४. पहिल्या मार्गाचा असाच हिशेब केला तर वर्गांची बेरीज १०, भागाकार २, वर्गमूळ सुमारे १.४. एका मार्गाचा पसारा दीड मिनिटाच्या आतला, दुसऱ्याचा चौदा मिनिटांचा. दहापट. (या पाच फेऱ्या म्हणजे नमुना असेल आणि त्यावरून वर्षभराचा अंदाज बांधायचा असेल, तर पाचाऐवजी चाराने भागतात, मग आकडे १.६ आणि १५.८ होतात. सरासरी त्याच नमुन्यातून काढलेली असल्यामुळे तिच्याभोवतीचा पसारा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, त्याची ती भरपाई. दहापटीत मात्र काही बदल होत नाही.)

माझं म्हणणं असं आहे: लोकांच्या पैशावर चालणारी कोणतीही संस्था सरासरी जाहीर करत असेल, तर तिने सोबत पसाराही जाहीर करणं बंधनकारक असावं. मर्जीवर सोडू नये, नियमच करावा. विद्यार्थ्यांचे गुण, दवाखान्यातली प्रतीक्षा, खटला निकाली निघायला लागणारा काळ, तक्रार मिटायला लागणारे दिवस, उत्पन्न, तापमान, जे असेल ते. हे मागताना मी नवीन काही शोधून काढायला सांगत नाही. पसारा मोजण्याचं काम कचेऱ्यांच्या आत बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. तो आकडा आपल्यावर चालवला जातो, आपल्याला दाखवला मात्र जात नाही.

कुठे चालवला जातो? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली लहान मुलांच्या वाढीची मानकं जाहीर केली. वयाच्या मानाने मुलाची उंची या मानकातल्या मधल्या आकड्यापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक खाली असेल, तर त्या मुलाची वाढ खुंटली आहे असं धरलं जातं. तीनांहून अधिक खाली असेल तर ती तीव्र खुंटलेली वाढ. ऑस्टिओपोरोसिसचंही तसंच. हाडांची घनता निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा अडीच प्रमाण विचलनं किंवा त्याहूनही खाली गेली की तो आजार, हा निकष १९९४ पासूनचा. कारखान्यात यंत्राचं काम बिघडलंय की नेहमीचीच थोडीफार घालमेल आहे, हे ठरवायला वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत नियंत्रण-तक्ता मांडला, आणि त्याच्या सीमारेषा सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर आखायची पद्धत तेव्हापासून रूढ झाली. ४ जुलै २०१२ रोजी सर्न प्रयोगशाळेत हिग्जसारखा कण सापडल्याची घोषणा झाली तीसुद्धा पाच प्रमाण विचलनांची पायरी गाठल्यावर. म्हणजे असा कण मुळात नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा ठळक संकेत दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक.

मूल कुपोषित आहे का, हाडं औषध देण्याइतकी ठिसूळ झालीत का, माल परत पाठवायचा का, नवा कण मान्य करायचा का, हे सगळं ज्या मापाने ठरतं ते माप सामान्य वाचकापुढे ठेवायची वेळ आली की एकदम 'फार तांत्रिक' होतं. हे मला पटत नाही.

सरासरीला एवढा मान मिळाला कसा, याला जुना इतिहास आहे. अॅडॉल्फ क्वेतले हे बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या शास्त्रात एकाच ताऱ्याची जागा अनेकदा मोजत, मोजमापं थोडी थोडी वेगळी येत, आणि त्यांची सरासरी ही खऱ्या जागेच्या सगळ्यांत जवळची मानली जाई. तारा एकच असल्यामुळे पसारा म्हणजे निव्वळ चूक. हा विचार त्यांनी १८३५ साली माणसांवर लावला आणि 'सरासरी माणूस' उभा केला. पुढे त्यांनी पाच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं तपासली. त्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा आला, ताऱ्यांच्या मोजमापातल्या चुकांचा येतो तसाच. निसर्गाचा नेम एका आदर्श माणसावर असतो आणि आपण सगळे त्याचे कमी-अधिक चुकलेले नेम, असा त्यांनी अर्थ काढला. पण सैनिक पाच हजार होते. त्यांच्यामागे कुणी एक खरा सैनिक दडलेला नव्हता. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश संशोधकाला हे उमगलं. त्यांना सरासरीपेक्षा माणसामाणसांतल्या फरकातच रस होता. (त्या कुतूहलातून त्यांनी सुप्रजननाचं, म्हणजे 'चांगल्या' माणसांचीच पैदास वाढवण्याचं, जे राजकारण पुढे रेटलं, ते वेगळं आणि काळंकुट्ट प्रकरण आहे.) त्याच वाटेवर कार्ल पिअर्सन यांनी १८९४ च्या सुमारास आज आपण वापरतो ते नाव या मापाला दिलं. फरक मोजायला हक्काचं हत्यार मिळालं. तरी सव्वाशे वर्षांनंतरही आपली प्रसिद्धीपत्रकं क्वेतलेच्याच काळात आहेत.

सरासरी माणूस सापडत नाही, याचा सगळ्यांत चोख पुरावा अमेरिकी हवाई दलाने दिला. १९५० च्या सुमारास विमानाच्या कॉकपिटची रचना सरासरी मापांवरून बेतलेली असे. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४०६३ वैमानिकांची दहा शारीरिक मापं घेतली. प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत बसणारा तो 'सरासरी', अशी बरीच सैल व्याख्या धरली. दहाही मापांत सरासरी ठरणारे वैमानिक निघाले शून्य. मग सरासरीला बसणारी खुर्ची करण्याचा नाद सुटला आणि मागेपुढे, वरखाली होणाऱ्या खुर्च्या आल्या. पसारा मान्य केला की रचना बदलते, एवढं या प्रकरणातून दिसतं.

आता विरोधातले मुद्दे. पहिला नेहमीचाच: लोकांना कळणार नाही. खरं तर लोकांना पसारा पुरेसा कळतो. त्यांना सूत्र कळत नसेल. लेकराच्या वाढीच्या तक्त्यावरचे पट्टे शाळेत न गेलेल्या आईलाही वाचता येतात. निवडणुकीच्या सर्वेक्षणात 'तीन टक्के इकडे-तिकडे' लिहिलेलं असतं, ते वाचून कुणी गोंधळून जात नाही. बसमार्गाच्या फलकावर 'प्रमाण विचलन १४ मिनिटं' लिहा असं मी म्हणतच नाही. 'सरासरी ४० मिनिटं. दहापैकी नऊ फेऱ्या इतक्या मिनिटांच्या आत' एवढं लिहा. मूळ आकडा अहवालात असू द्या, म्हणजे ज्याला तपासायचं तो तपासेल.

न छापण्याचं खरं कारण मला वेगळंच वाटतं. सरासरी सुधारणं सोपं असतं, आणि पसारा जाहीर नसेल तर ते कुणाच्या जिवावर सुधारलं हे कळत नाही. एका दवाखान्यातले दहा रुग्ण घ्या. नऊ जणांना २० मिनिटं थांबावं लागतं, दहाव्याला २२० मिनिटं. एकूण ४०० मिनिटं, सरासरी ४०. प्रमाण विचलनाचा हिशेब मांडला तर ६० येतं. व्यवस्थापनाला सरासरी खाली आणायचा आदेश मिळतो. ते काय करतात? सर्दी-खोकल्याच्या रुग्णांची रांग वेगळी काढतात आणि त्या नऊ जणांची प्रतीक्षा २० वरून १० मिनिटांवर आणतात. दहावा रुग्ण, ज्याला तज्ज्ञ डॉक्टर हवाय, तो होता तिथेच, २२० मिनिटांवर. नवी सरासरी ३१. जवळपास पाव हिश्श्याने सुधारणा, पाठीवर थाप. प्रमाण विचलन मात्र ६० वरून ६३ वर गेलेलं.

आता दुसरा मार्ग. नऊ जणांना हात लावायचा नाही, ते २० मिनिटं थांबतील. दहाव्याची प्रतीक्षा २२० वरून १३० वर आणायची. एकूण ३१० मिनिटं, सरासरी पुन्हा ३१. अगदी तीच. पण प्रमाण विचलन आता ३३. म्हणजे दोन व्यवस्थापकांनी सरासरी सारखीच सुधारली. एकाने ज्यांचं आधीच बरं चाललं होतं त्यांचं आणखी बरं केलं, दुसऱ्याने सगळ्यांत जास्त अडलेल्या माणसाचा दीड तास वाचवला. सरासरीवर बढती आणि बक्षीस ठरत असेल तर दोघांना सारखंच बक्षीस. पहिल्याचं काम सोपं असल्यामुळे पुढच्या वर्षी दोघंही पहिल्याचाच मार्ग धरतील. यात कुणी लबाड असायची गरज नाही. एकच आकडा मोजला तर माणसं त्या आकड्यासाठीच काम करणार.

दुसरा विरोध जास्त वजनदार आहे आणि तो आकडेशास्त्र जाणणाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात, प्रमाण विचलनाला उगाच देव्हाऱ्यात बसवू नका. ते घंटेच्या आकाराच्या आलेखावर छान चालतं. तिथे सुमारे ६८ टक्के आकडे सरासरीपासून एका प्रमाण विचलनाच्या आत, ९५ टक्के दोनांच्या आत आणि ९९.७ टक्के तीनांच्या आत पडतात. पण जगातला बराच डेटा घंटेसारखा नसतोच. वर्ग केल्यामुळे लांबचा एखाददुसरा आकडा सगळा हिशेब आपल्याकडे ओढून घेतो. वरच्या दवाखान्यातच बघा: सरासरी ४०, प्रमाण विचलन ६०. सरासरीतून एक प्रमाण विचलन वजा केलं तर उणे २० मिनिटं. डॉक्टरांनी रुग्ण यायच्या वीस मिनिटं आधीच त्याला तपासलं म्हणायचं का?

हा आक्षेप बरोबर आहे. त्यावरून मी काढतो तो निष्कर्ष मात्र उलटा. हे उणे २० मिनिटंच आपल्याला सावध करतात. जी गोष्ट शून्याखाली जाऊ शकत नाही तिचं प्रमाण विचलन सरासरीच्या जवळपास किंवा वर गेलं, की ओळखावं: आलेख एका बाजूला झुकलेला आहे, शेपूट लांब आहे आणि सरासरी कुणाच्याच वाट्याला आलेली नाही. दवाखान्यात ४० मिनिटं थांबलेला एकही माणूस नव्हता. अशा ठिकाणी मध्यक (आकडे क्रमाने लावले की बरोबर मधे येणारा आकडा) आणि शेवटच्या दहा टक्क्यांचा आकडा छापावा, प्रमाण विचलनाचा आग्रह धरू नये. पण इथे आग्रह धरू नये हे आपल्याला कळलं कशावरून? ते काढून पाहिल्यावरच.

आणि आकार काहीही असो, एक हमी तरी मिळतेच. बियेनेमे या फ्रेंच गणितीने १८५३ मध्ये आणि चेबिशेव या रशियन गणितीने १८६७ मध्ये दाखवून दिलेला नियम असा: डेटा कसाही वेडावाकडा असला तरी सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या आत किमान ७५ टक्के आकडे असणारच आणि तीनांच्या आत किमान ८८ टक्के. ९५ टक्क्यांच्या मानाने ही हमी ढिली आहे, पण ती कुठल्याही गृहीतकाशिवाय मिळते.

घात होतो तो ९५ आणि ९९.७ हे आकडे न तपासता सगळीकडे चिकटवल्यामुळे. ऑगस्ट २००७ मध्ये बाजार कोसळायला लागला तेव्हा गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचे वित्तप्रमुख डेव्हिड विनियार यांनी सांगितलं की २५ प्रमाण विचलनांच्या हालचाली लागोपाठ कित्येक दिवस दिसताहेत. घंटेचा आलेख खरा धरला तर आठ प्रमाण विचलनांची घसरणसुद्धा विश्वाच्या आजवरच्या १३८० कोटी वर्षांत एका दिवशीही दिसण्याची आशा धरू नये. २५ ची गोष्टच सोडा, आणि तीही लागोपाठ! त्या दिवसांत विश्वाचे नियम बदलले नव्हते. आलेखाचा आकारच चुकीचा धरलेला होता. या प्रसंगावरून प्रमाण विचलन निकामी ठरवणारे लोक आहेत. मला त्यात मापाचा दोष दिसत नाही. माप घेतलं, पण आलेख पाहिला नाही, हा दोष.

वर्ग कशाला करायचे, अंतरांची उणे-अधिक चिन्हं काढून सरळ सरासरी का घेऊ नये, असा प्रश्न पुष्कळांना पडतो, आणि तो अडाण्याचा प्रश्न नाही. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांचं मत तेच होतं. प्रत्यक्ष निरीक्षणांत हे साधं माप जास्त भरवशाचं, असं ते म्हणत. १९२० मध्ये आकडेशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी गणिताने दाखवून दिलं की आलेख तंतोतंत घंटेसारखा असेल तर प्रमाण विचलन सरस ठरतं. तेवढ्याच अचूकतेसाठी साध्या मापाला सुमारे १४ टक्के जास्त निरीक्षणं लागतात. वाद मिटल्यासारखा झाला. मग १९६० मध्ये दुसरे आकडेशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी दाखवलं की हजारात दोनच निरीक्षणं भरकटलेली असली तरी फिशर यांचा फायदा नाहीसा होतो आणि साधं माप पुढे जातं. हजारात दोन तर कुठल्याही नोंदवहीत चुकतात! म्हणजे कोणतं माप छापावं यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. आमच्या बसमार्गाला साध्या मापाने १.२ आणि १२ मिनिटं येतात, आणि मला तेही चालेल. माझं भांडण पसारा अजिबात न छापण्याशी आहे.

यापुढचा मुद्दा क्रमवारीचा. शाळांची, दवाखान्यांची, जिल्ह्यांची 'सर्वोत्तम दहा' यादी निघते ती सरासरीवर, आणि यादीत वर छोट्या संस्था जास्त दिसतात. लगेच कुणीतरी म्हणतं, छोट्या शाळाच चांगल्या, वैयक्तिक लक्ष मिळतं ना. कुणी यादीचं दुसरं टोक बघितलं तर तिथेही छोट्याच शाळा भेटतील. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचं प्रमाण सगळ्यांत कमी असलेल्या काउंट्यांचा (तिकडचे जिल्हेच म्हणा) नकाशा काढला तर त्या ग्रामीण, विरळ वस्तीच्या निघतात. सगळ्यांत जास्त असलेल्या काउंट्याही तशाच ग्रामीण आणि विरळ वस्तीच्या. शुद्ध हवेचं कौतुक करावं की डॉक्टरांच्या अभावाला दोष द्यावा? दोन्हीची गरज नाही. सरासरीचा स्वतःचा डळमळीतपणा असतो, आणि तो प्रमाण विचलनाला संख्येच्या वर्गमुळाने भागल्यावर मिळतो. गुणांचं प्रमाण विचलन २० असेल तर २५ मुलांच्या शाळेची सरासरी निव्वळ योगायोगाने चार गुणांनी इकडे-तिकडे होते, ४०० मुलांच्या शाळेची एका गुणाने. छोटी शाळा एका वर्षी पहिल्या दहात आणि पुढच्या वर्षी तळाला जाऊ शकते, आणि मधल्या काळात तिथल्या शिक्षकांनी खडूही वेगळा वापरलेला नसतो. त्यावरून कुणाला शाबासकी, कुणाला कारणे दाखवा नोटीस. पसाऱ्याशिवाय क्रमवारी छापणं हा माझ्या मते सरळ अन्याय आहे. निधी, बदल्या आणि प्रवेश त्यावर अवलंबून असतात.

इथे एक हातचलाखीही चालते, तिचा उल्लेख करायलाच हवा. अहवालांत आणि शोधनिबंधांत '६० ± २' असं लिहिलेलं दिसतं. हे २ कशाचे? विद्यार्थ्यांच्या गुणांचा पसारा, की सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता? शंभर विद्यार्थी असतील तर प्रमाण विचलन २० आणि त्याला दहाने भागून आलेली प्रमाण त्रुटी २. दोन्ही आकडे खरे, अर्थ मात्र वेगळे. २ छापलं की वाचणाऱ्याला वाटतं सगळे विद्यार्थी साठच्या आसपासच आहेत. २० छापलं की कळतं, कुणी चाळिशीत अडकलंय, कुणी ऐंशीवर आहे. लहान आकडा नीटनेटका दिसतो म्हणून तोच छापायचा मोह अनेकांना होतो. कोणता आहे ते न सांगता अधिक-उणे चिन्ह वापरायला मनाईच हवी.

पसारा माहीत नसेल तर सरासरीतला बदलही कळत नाही, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग हाच आहे. सरासरी तापमान अंशभर वाढलं असं ऐकलं की 'अंशभरच ना?' ही प्रतिक्रिया येते. एक अंश जास्त की कमी, हे त्या जागेचा नेहमीचा पसारा किती यावर ठरतं. उन्हाळ्याच्या सरासरीचं वर्षावर्षातलं प्रमाण विचलन जिथे एका अंशाचंच आहे, तिथे काय होतं ते बघा. पूर्वी सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी तापलेले उन्हाळे शंभरात सुमारे २.३ येत. सगळा आलेख एका अंशाने, म्हणजे एका प्रमाण विचलनाने उजवीकडे सरकला की तीच जुनी रेषा ओलांडणारे उन्हाळे शंभरात सुमारे १६ होतात. सरासरी अंशभर हलली आणि टोकाचे उन्हाळे सातपट झाले. जिथे पसारा तीन अंशांचा आहे तिथे तोच एक अंश एवढा हाहाकार करणार नाही. पिकांचं आणि विजेचं नियोजन करणाऱ्याला हे दोन्ही आकडे लागतात. नुसत्या एकावर तो आंधळाच.

हेच गणित मुलांच्या उंचीला लागू होतं, फक्त उलट्या दिशेने. मानकाप्रमाणे वाढणाऱ्या मुलांत उणे दोनच्या रेषेखाली २.३ टक्के मुलं असणारच; ती आजारी नसतात, नुसती ठेंगणी असतात. एखाद्या ठिकाणच्या साऱ्या मुलांची सरासरी एका प्रमाण विचलनाने खाली घसरली तर रेषेखाली १६ टक्के दिसतात. बातमी या १६ टक्क्यांची होते, योजना त्यांच्यासाठी आखली जाते, आणि उरलेले ८४ टक्के 'सुदृढ' म्हणून यादीतून सुटतात. प्रत्यक्षात घसरलेला असतो अख्खा आलेख. उणे १.९ वरचं मूल उणे २.१ वरच्या मुलापेक्षा बोटभरही उंच नसतं. पण एकाचं नाव यादीत, दुसऱ्याचं नाही. संपूर्ण आलेख जाहीर असता तर हे पहिल्याच नजरेत दिसलं असतं, आणि 'रेषेखालची मुलं शोधा' या मोहिमेऐवजी 'सगळ्यांचंच पोषण तपासा' ही मागणी पुढे आली असती.

नियमात काय असावं ते मी थोडक्यात असं मांडीन. सरासरीशेजारी आकडे किती जणांचे आहेत ती संख्या आणि प्रमाण विचलन. आलेख झुकलेला असेल तर मध्यक आणि दोन्ही टोकांच्या दहा-दहा टक्क्यांच्या सीमा. शक्य तिथे साधा स्तंभालेख. जिथे नाव-गाव उघड होण्याची भीती नाही तिथे मूळ डेटाही. यातलं काहीही काढायला नवा विभाग, नवं पद किंवा सल्लागार लागत नाही. सरासरी काढणारा स्प्रेडशीटचा तो रकाना भरलेला असतोच. शेजारच्या रकान्यात दुसरं सूत्र टाकायला एक मिनिट पुरतं. कुठल्याही खात्याने खर्चाची सबब पुढे केली, तर आधी त्या खात्याची स्प्रेडशीट मागवून बघावी. बहुतेक वेळा तो रकाना आधीच भरलेला, आणि छापण्यापूर्वी लपवलेला सापडेल.